पगाराची खिडकी

लंडनचा राजवाडा मी पाहिला नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. मुलीकडे ब्रिस्टलला दोन महिने राहून आलो, तेव्हापासून नागपुरात जो भेटतो तो "काय काय पाहिलंत?" असे विचारतो, आणि मी "एक जुनी कचेरी पाहिली" म्हणालो की त्याचा चेहरा पडतो. ज्या माणसाने आयुष्याची छत्तीस वर्षे खाणीच्या कचेरीत पगार वाटण्यात घालवली, त्याने सातासमुद्रापलीकडे जाऊन पुन्हा खाणीची कचेरीच पाहावी, यावर आमच्या सौ.चे जे मत आहे ते सणासुदीच्या अंकात छापण्याजोगे नाही.

पण यात माझा दोष नाही. बेत जावयाचा. मेअखेरीस नातीच्या शाळेला आठवड्याची सुट्टी होती. जावयाने संगणकावर शोधून इंग्लंडच्या अगदी नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, एका 'काउंट हाऊस'मधले घरकुल सात दिवसांसाठी घेतले. काउंट म्हणजे युरोपातला उमराव, एवढे मला कादंबऱ्यांवरून ठाऊक होते. सौ.ने जांभळी पैठणी बॅगेत घातली. मी कोट इस्त्री करून घेतला. उमराव भेटला नाही तरी त्याच्या दिवाणखान्यात बसायचे, तर धोतर-लुंगी बरे दिसणार नाही!

आगगाडीने ब्रिस्टल सोडल्यावर जावईबापूंनी उलगडा केला. हा 'काउंट' उमराव नव्हे. 'अकाउंट'मधला 'अ' कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी बोलता बोलता खाऊन टाकला होता. काउंट हाऊस म्हणजे खाणीचे हिशेबघर. जिथे वह्या ठेवायच्या, भागीदारांना नफा वाटायचा आणि कामगारांना पगार. सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. सुदैवाने त्याच वेळी टेमर नदीवरचा ब्रुनेलचा पूल आला. पुलाच्या कमानीवर त्याचे नाव आणि १८५९ हे साल मोठ्या अक्षरांत कोरले आहे. नदी ओलांडली की कॉर्नवॉल सुरू होते.

रेड्रूथ स्टेशनाच्या आसपास गाडी आली आणि मी बसल्या जागी ताठ झालो. हिरव्या टेकड्यांवर, शेतांच्या मधोमध, ठिकठिकाणी दगडी पडक्या इमारती उभ्या होत्या. तीन मजली उंच, अरुंद, छप्पर नाही, आणि एका कोपऱ्यात गोल धुराडे. पडक्या देवळाच्या शेजारी दीपमाळ तेवढी उभी राहावी तशी. ही एंजिनघरे. खाणीतले पाणी उपसणारी वाफेची प्रचंड एंजिने यांत असत. एंजिनाचा लाकडी किंवा लोखंडी तुळईसारखा दांडा समोरच्या भिंतीवर तोललेला असे. म्हणून ती एक भिंत इतर तिघींपेक्षा जाड. एंजिने भंगारात गेली, छपरे वाऱ्याने नेली. पण एंजिनाचा हादरा सोसायला बांधलेल्या त्या भिंतींना नुसत्या वाऱ्याचे काय! २००६ साली युनेस्कोने हा सारा खाणमुलूख जागतिक वारशाच्या यादीत घेतला. आमच्याकडे खाण बंद पडली की आठवड्यात पत्रे, कौले आणि दरवाजे गायब होतात. दगडाचा हा एक फायदा, चोरायला जड.

पेन्झन्सला गाडी संपते. तेथून बसने सेंट जस्ट या खाणगावापर्यंत, आणि पुढे समुद्राच्या अंगाला चालत. आम्ही उतरलेल्या खाणीचे नाव मी देत नाही; मालकीणबाईंनी आम्हांला घर भाड्याने दिले, जाहिरातीची परवानगी दिलेली नाही.

आता त्या इमारतीबद्दल. कचेरी कशी बांधतात याविषयी माझी काही मते आहेत, कारण मी ज्या कचेरीत बसलो ती पत्र्याची होती आणि मे महिन्यात तेथे शाई दौतीत वाळत असे. ही कचेरी दुमजली, लांबट, ग्रॅनाइटची. दर्शनी भिंतीचे दगड तासून गुळगुळीत केलेले, एकावर एक काटेकोर बसवलेले; मागच्या बाजूला गेलो तर तोच दगड ओबडधोबड, जसा निघाला तसा लावलेला. ज्या बाजूने भागीदार बग्गीतून उतरत ती बाजू एक, आणि ज्या बाजूने कामगार चिखलाच्या बुटांनी येत ती दुसरी. दारेही दोन. पुढच्या दाराला तीन पायऱ्या आणि वर दगडी पट्टी. मागचे दार एवढे ठेंगणे की उंच जावयाने पहिल्याच दिवशी कपाळ आपटून घेतले. खिडक्यांची तावदाने वर-खाली सरकणारी, आतून दोरीला शिशाची वजने बांधून तोललेली. शंभराहून अधिक वर्षांनंतरही बोटाच्या रेट्याने वर जात होती.

छप्पर पाटीच्या दगडाचे. खाली वळचणीला मोठ्या पाट्या आणि वर आढ्याकडे जाता जाता लहान लहान होत गेलेल्या. डोंगरातून निघालेला माल वाया न घालवता सगळ्या मापांच्या पाट्या वापरायच्या, ही त्यातली युक्ती; पण त्यामुळे छप्पर माशाच्या खवल्यांसारखे दिसते आणि आहे त्याहून उंच वाटते. समुद्राकडच्या भिंतीवरसुद्धा पाट्या जडवल्या होत्या. कोकणात पावसाळ्यापूर्वी भिंतींना झापे बांधतात ना, तोच विचार. फक्त दर साली बदलायला नको. जागाही नेमकी निवडलेली. तेथे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. खनिज कुटणाऱ्या मुसळांचा धडधडाट आणि भट्टीचा धूर कचेरीच्या उलट्या दिशेला जाईल, अशा बेताने ती बांधली होती. धूर साधा नव्हे. कथलाच्या खनिजात सोमल असतो. तो भाजून उडवायचा, आणि लांब नागमोडी दगडी बोगद्यांतून धूर फिरवून भिंतींवर जमलेली पांढरी पूड माणसांनी आत शिरून खरवडून काढायची. तोंडाला फडके, नाकात कापूस, अंगाला चिकणमाती. त्या पुडीचा मोठा गिऱ्हाईक होता अमेरिकेतला कापूस, बोंडावरच्या किडीसाठी. मालकीणबाईंनी अंगणातल्या भाज्या जमिनीत न लावता बाहेरून आणलेल्या मातीच्या उंच वाफ्यांत का लावल्या होत्या, याचे कारण हेच. नातीला पहिली सूचना मिळाली ती मातीत हात घालून ते तोंडात न घालण्याची.

एकाच इमारतीची आता तीन घरे झाली आहेत. पूर्वेकडचे खजिनदाराचे, पश्चिमेकडचे मुदपाकखान्याचे आणि मधले आमचे, खाणीच्या कॅप्टनचे. हा कॅप्टन जहाजावरचा नव्हे. कॉर्नवॉलात खाणीच्या मुकादमांवरच्या अधिकाऱ्याला कॅप्टन म्हणत. तसेच खाणींच्या नावांपुढे 'व्हील' लागते, तेही चाक नव्हे. जुन्या कॉर्निश भाषेत त्याचा अर्थ काम किंवा खाण. हे मी सौ.ला दोनदा समजावून सांगितले. ती म्हणाली, "काउंट म्हणजे उमराव नाही, कॅप्टन म्हणजे कप्तान नाही, व्हील म्हणजे चाक नाही. निदान चहाला तरी इथं चहाच म्हणतात ना?"

वरच्या मजल्यावर पूर्वी एकच मोठे दालन होते, ते जेवणाचे. कचेरीत एवढे मोठे जेवणघर कशाला, हा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर कॉर्नवॉलच्या हिशेबपद्धतीत आहे. तेथे खाणी चालत त्या 'कॉस्ट बुक' पद्धतीने. भांडवल साठवून ठेवायचे नाही. दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी सर्व भागीदारांनी हिशेबघरात जमायचे, वही उघडायची, खर्च वजा जाता जे उरले ते तेथल्या तेथे वाटून घ्यायचे. तोटा असेल तर ज्याच्या-त्याच्या हिश्शाप्रमाणे खिशातून भरायचा. भागीदारांना तेथे 'साहसी' असा शब्द होता, आणि तो अगदी चपखल आहे. खाली जमिनीत काय आहे हे देवाला ठाऊक. पैसे मात्र वर मोजून द्यायचे. हिशेब झाला की जेवण. भाजलेले गोमांस, पुडिंग, मद्य; आणि मोठ्या खाणींतून पानेसुद्धा कथलाच्या मिश्रधातूच्या ताटांत वाढलेली, म्हणजे आपल्याच मालात आपण जेवतो आहोत हे पाहुण्याला दिसावे. या मेजवानीचा खर्च खाणीच्याच खात्यावर पडे. तोट्याच्या वर्षीही जेवण चुकत नसे. मी हिशेबनीस आहे. असल्या नोंदी मला तोंडपाठ आहेत. 'किरकोळ' या सदराखाली जगात काय काय मावते!

ते दालन आज मधोमध लाकडी चौकट घालून विभागले आहे. आमच्या वाट्याला दोन निजायच्या खोल्या आल्या. छताच्या कडेने गेलेली चुन्याची नक्षी भिंतीपाशी येऊन पानाच्या अर्ध्यावर तुटते आणि दुसऱ्या खोलीत पुन्हा तेथूनच सुरू होते. पहिल्या रात्री मी उशीवर डोके टेकून ते अर्धे पान पाहत होतो. मालकीणबाई म्हणाल्या, नक्षी कापलेली नाही. भिंत नक्षीच्या आकाराप्रमाणे कातरून बसवली आहे. उद्या कोणी भिंत काढली तर दालन पुन्हा अखंड. इमारत सरकारी संरक्षित यादीत असल्याने परवानगीवाचून खिळाही ठोकता येत नाही. तसे करणे तेथे गुन्हा आहे. त्यांच्या आधीच्या मालकाने ओल येते म्हणून भिंतींना आतून सिमेंट फासले होते. ओल दुप्पट झाली. दगडी भिंत पाणी पिते आणि वाऱ्यावर सोडते. सिमेंट लावले की तिचा श्वास कोंडतो. शेवटी सारे सिमेंट छिन्नीने उतरवून चुना लावला. मी म्हटले, "बाई, आमच्या आजोबांच्या वाड्यात हेच झालं, फक्त आम्ही सिमेंट उतरवलं नाही, वाडाच उतरवला." त्यांना हसावे की वाईट वाटून घ्यावे ते कळले नाही.

तळमजल्यावर जाडजूड भिंतींची, बिनखिडकीची तिजोरीची खोली. लोखंडी दार अजून तेच. आत कपडे धुण्याचे यंत्र ठेवले आहे. शेजारी खनिजाचा कस पाहण्याची खोली, ती न्हाणीघर झाली. आणि मागच्या अंगाला, ठेंगण्या दाराच्या बाजूला, स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघराच्या भिंतीत मला ती दिसली.

हातभर रुंद, तेवढीच उंच. खाली झिजलेली लाकडी फळी, मधोमध खोलगट. शेकडो तळहातांनी चाळीसपन्नास वर्षे घासलेली. आतून कडी. मालकीणबाईंनी तीत तुळशीसारख्या कुठल्याशा पाल्याच्या कुंड्या ठेवल्या होत्या. कोणी सांगायची गरज नव्हती. ही पगाराची खिडकी. मी आत, खुर्चीच्या जागेवर उभा राहिलो. फळी बरोबर माझ्या कोपराच्या उंचीला आली. मग बाहेर गेलो. बाहेरची जमीन आतल्यापेक्षा उंच आहे, म्हणून बाहेरून ती खिडकी छातीच्याही खाली येते. आत बसलेल्या माणसाचे तोंड दिसायला हवे असेल तर बाहेरच्याला वाकावेच लागते. गवंड्याने हे मुद्दाम केले की उतारामुळे झाले, सांगता येत नाही. आमच्या पत्र्याच्या कचेरीतही खिडकी अशीच होती.

हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून त्यांच्या पगाराची रीतही सांगतो. कॉर्नवॉलचा खाणकामगार रोजंदारीवर नसे. ठरावीक दिवशी सारे कामगार हिशेबघरासमोर जमत. कॅप्टन पायरीवर किंवा खिडकीत उभा राहून खाणीतला एकेक तुकडा पुकारी. लिलाव, पण उलटा. जो कमी दर सांगेल त्याला काम. शेवटी कॅप्टन एक खडा हवेत उडवी; तो जमिनीवर पडण्यापूर्वी ज्याची बोली शेवटची, त्याचा तुकडा पक्का. कोणी खणलेल्या लांबीवर पैसे घेई, कोणी निघालेल्या खनिजाच्या किमतीत हिस्सा. निघाले नाही तर हिस्साही नाही. वर मेणबत्त्या, सुरुंगाची दारू, हत्यारांना धार, डॉक्टरची वर्गणी, हे सारे त्याच्याच पैशातून कापून खिडकीतून उरलेले हाती पडे. आणि जमिनीवर, उघड्यावर, हातोड्यांनी खनिज फोडायला बायका-मुली. त्यांना 'बाल मेडन' म्हणत. डोक्याला मोठी पांढरी टोपरी. सेंट जस्टच्या परिसरातले त्यांचे एक जुने छायाचित्र पाहिले. टोपऱ्यांऐवजी पदर असता तर मी म्हटले असते की हे वैनगंगेच्या खोऱ्यातले आहे. आमच्याकडेही मँगनीज फोडायला आणि निवडायला बायकाच.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कड्यावरच्या पायवाटेने फिरू लागलो. गुलाबी फुलांचे गालिचे, पिवळी काटेरी झुडपे आणि खाली खवळलेला अटलांटिक. बोटॅलॅकच्या खाणीची दोन एंजिनघरे कड्याच्या अगदी पायथ्याशी, लाटांच्या तोंडावर बसली आहेत. येथली खाण समुद्राच्या तळाखाली गेली होती. विल्की कॉलिन्स हा कादंबरीकार १८५० साली खाली उतरला होता आणि डोक्यावर समुद्राचा आवाज ऐकून आला. पुढे एक तिरपी विहीर खणली आणि तीतून साखळीने ओढली जाणारी गाडी ठेवली. १८६३ साली साखळी तुटून नऊजण मेले, त्यांत एक मुलगा. त्यानंतर दोनच वर्षांनी इंग्लंडचा युवराज आणि युवराज्ञी त्याच वाटेने खाली जाऊन आले आणि बोटॅलॅक फॅशनेबल झाले. तेथलेही हिशेबघर शाबूत आहे. १९६० नंतरच्या दशकात त्यात लोकगीतांचा क्लब चाले, आज ते नॅशनल ट्रस्टकडे आहे. आता गर्दी असते ती 'पोल्डार्क' या दूरदर्शन-मालिकेची. तिचे चित्रण येथे झाले, आणि लोक नायकाच्या खाणीपुढे उभे राहून छायाचित्रे काढतात.

पलीकडे लेव्हँट. १९१९ च्या ऑक्टोबरात पाळी संपवून वर येणाऱ्या माणसांचा यांत्रिक जिना तुटला. एकतीस गेले. सेंट जस्टला घरोघरी त्याची आठवण आहे.

बाहेर फिरताना जेवण म्हणजे पेस्टी. ही चक्क करंजी. मुरड घातलेली, पण मुठीत न मावणारी. खाणकामगाराचा डबा तो हाच. २०११ पासून कायद्याने ठरले आहे की आत गोमांस, बटाटा, कांदा आणि सलगमाचा एक प्रकार असला आणि मुरड बाजूला असली तरच तिला 'कॉर्निश पेस्टी' म्हणायचे. आमची भाजीची. म्हणजे कायद्याने ती कोणीच नव्हती. सौ.ने मुरड तपासून "हात बरा आहे" असा दाखला दिला.

बस-ड्रायव्हर गप्पिष्ट होता. त्याचे पणजोबा म्हणे कोलारला सोन्याच्या खाणीत होते. यात नवल नाही. १८६६ नंतर तांब्याचे भाव कोसळले आणि कॉर्नवॉलची माणसे जहाजे भरभरून बाहेर पडली. मेक्सिको, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका. १८८० पासून जॉन टेलर कंपनीने कोलारच्या खाणी हाती घेतल्यावर आपल्याकडेही. मी त्याला सांगितले की कोलार २००१ साली बंद पडले. तो म्हणाला, "आमची शेवटची १९९८ ला." मग दोन थांब्यांपर्यंत आम्ही काही बोललो नाही. उतरताना त्याने कड्यावरच्या घरांकडे बोट दाखवले: हिवाळ्यात या घरांत दिवा नसतो, आणि त्याच्या मुलीला गावात घर मिळत नाही. शेजारच्या सेंट आयव्ह्जने २०१६ साली मतदान घेऊन ठरवले की नवी घरे कायम राहणाऱ्यांनाच; आणि २०२५ पासून कॉर्नवॉलात दुसऱ्या घरावरचा कर दुप्पट झाला. आम्ही तिघांपैकी एका घरात सात दिवस राहणारी मंडळी. मी ड्रायव्हरचे आभार मानून घाईने उतरलो.

पाचव्या दिवशी व्हील ओल्सला गेलो. मालिकेतली नायकाची खाण ती हीच. एंजिनघरापाशी तरुण मंडळी हसत होती. मी जवळची माहिती वाचली आणि पुन्हा वाचली. १० जानेवारी १८९३. खाली काम करणाऱ्या माणसांनी खडक फोडला आणि पलीकडच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खाणीत भोक पडले. पाण्याच्या लोंढ्याने हवा रेटली, मेणबत्त्या विझल्या, अंधारात जे शिडीपर्यंत पोचले ते वाचले. एकोणीस माणसे आणि एक मुलगा राहिला. प्रेते कधीच काढता आली नाहीत. ती अजून खालीच आहेत.

आणि कारण? होकायंत्राची सुई नेमकी उत्तर दाखवीत नाही, आणि तिची चूक वर्षावर्षाला थोडी थोडी बदलत जाते. जुन्या खाणीचा नकाशा जुन्या सुईवर काढलेला, नव्या बोगद्याचा नव्या सुईवर. दोन्ही एका कागदावर आणताना मधल्या वर्षांचा फरक धरायचा राहिला. कागदावर मध्ये खडक होता. कचेरीत, अशाच एखाद्या वर-खाली सरकणाऱ्या तावदानाशी बसून, कोणीतरी स्वच्छ हाताने ती रेघ ओढली होती.

मुलीने विचारले, "बाबा, बसायचंय का?" मी म्हटले, "नाही, चालू."

संध्याकाळी नातीला खेळ सुचला. कुंड्या बाजूला करून ती स्वयंपाकघरात खिडकीशी बसली आणि मला बाहेर उभे केले. "आजोबा, तुम्ही कामगार. मी पैसे देणार." मी वाकलो. फळीवर हात ठेवला. तिने बिस्किटे मोजून पुढे सारली आणि तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाली, "तुमचे एवढेच आहेत. वहीत एवढेच आहेत."

बिचारीने कुठून ऐकले असेल? कुठूनच नाही. वही समोर असली की दुसरे वाक्य सुचतच नाही.

ती निजल्यावर वरच्या खोलीत, त्या अर्ध्या पानाखाली, मी सौ.ला जे सांगितले ते सत्तेचाळीस वर्षांत सांगितले नव्हते. १९७८ साल. एकाच टोळीत एकाच नावाच्या दोन बायका. मस्टरवर नाव, नवऱ्याचे नाव, गाव असे लिहायची रीत. पण रात्री कंदिलाखाली हजेरी उतरवताना मी एकीचे बारा दिवस दुसरीच्या ओळीत लिहिले. दुसरी त्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी गेलेली. पहिली खिडकीशी आली. "बाबूजी, माहे बारा रोज कमी आले." मी वही फिरवून दाखवली. तिला वाचता येत नव्हते, हे मला ठाऊक होते, तरी दाखवली. "वहीत नाही." पुढच्या वाटपाला ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मागे रांग होती आणि मी आवाज चढवला. त्यानंतर ती कामावरच आली नाही.

चार महिन्यांनी दुसरी परतली. तिच्या नावावर न उचललेले पैसे पडून होते. मी ते तिच्यापुढे केले. तिने नोटा पाहिल्या आणि परत सारल्या. "हे माहे नाहीत बाबूजी. मी तवा नव्हतीच." ८४ रुपये. मी दुरुस्तीची नोंद केली, वरून सही आली, वही जुळली. पहिलीच्या गावी निरोप पाठवीन असे ठरवले. मग पावसाळा आला, मग आपले लग्न ठरले.

सौ. बराच वेळ बोलली नाही. समुद्राचा आवाज येत होता. मग म्हणाली, "लग्नावर नका ढकलू." आणि थोड्या वेळाने, "गाव आठवतं?"

"आठवतं."

"मग?"

"आता ती असेल का? असली तर ऐंशीच्या घरात."

"अहो, मुलं असतील, सुना असतील. परत गेलो की जायचं. मी येते."

मी म्हटले, ८४ रुपये आज द्यायचे म्हणजे किती, व्याज कोणत्या दराने धरायचे... त्यावर तिने दिवा मालवला.

निघायच्या दिवशी मालकीणबाईंची पाहुण्यांची वही आली. आखलेली, तारीख, नाव, गाव, अभिप्राय. मी सवयीने पहिले तीन रकाने भरले आणि चौथ्यापाशी थांबलो. सौ.ने माझ्या हातून पेन घेऊन मराठीत लिहिले, 'पाणी कढत. चूल उत्तम. मागच्या दाराला डोके जपावे.' पैठणी बॅगेतच राहिली. कुंड्या मी पुन्हा होत्या तशा खिडकीत ठेवल्या आणि कडी लावली.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आम्ही निघायच्या तयारीत असू. भाऊबीज झाली की जायचे ठरले आहे. तुमसरला उतरून पुढे बस मिळते, हे विचारून ठेवले आहे. बरोबर करंज्यांचा डबा न्यायचा, असे सौ. म्हणते. गाव शोधावे लागणार नाही. ती ओळ माझ्याच अक्षरात लिहिलेली होती.